दुसरा सेट

१२ जून

प्रिय चिमटी,

तुझ्या मामाला नोकरी लागली. हसून झालं की पुढे वाच.

हॉटेलवाल्यांनी लाउंज बंद केला. तिथे आता व्यायामशाळा होणार. ज्या कोपऱ्यात मी इतकी वर्षं खुर्चीवर बसून गिटार वाजवली, तिथे लोक एका जागी उभे राहून पळणार आहेत. मॅनेजर म्हणाला, "तुम्हीही या, जुन्या माणसांना सवलत आहे." मी म्हटलं, आयुष्यभर लोकांना जागच्या जागी डोलवलं, आता स्वतः जागच्या जागी पळण्याचं वय राहिलं नाही.

तर आता मी एका शाळेत संगीत शिक्षक आहे. मुख्याध्यापिकाबाई पूर्वी कधीतरी लाउंजमध्ये येऊन गेल्या होत्या, त्यामुळे वाजवून दाखवावं लागलं नाही. दोनच प्रश्न विचारले. मुलांना मारता का, आणि पिता का. मी दोन्हींना नाही म्हटलं. पहिलं उत्तर पूर्ण खरं होतं.

मेख पुढे आहे. नोकरी टिकवायची तर वर्षाच्या आत संगीत मंडळाची पहिली परीक्षा पास व्हायला हवी. ही परीक्षा आठ-नऊ वर्षांची पोरं देतात. त्यात समोर एक कधी न पाहिलेला कागद ठेवतात आणि त्यावरचं वाचून वाजवायला सांगतात. आणि चिमटे, मला वाचता येत नाही.

म्हणजे वर्तमानपत्र येतं. सुरांचं लिखाण येत नाही. एकोणिसाव्या वर्षी एका डान्स हॉलच्या गिटारवाल्याला गालगुंड झालं म्हणून त्याच्या जागी उभा राहिलो, तेव्हापासून सर्कस, जहाज, स्टुडिओ, हॉटेल, सगळा जॅझ कानावर निभावला. समोर स्टँड असायचा, त्यावर कागदही असायचे. जहाजावर मी शिलाई मशीनचं माहितीपत्रक ठेवत असे. बाकीच्यांनी पान उलटलं की मीही उलटायचो, जरा उशिरा, म्हणजे विचारपूर्वक उलटतोय असं वाटे. भाऊ वाया गेला तरी निदान शिकून-सवरून वाया गेला, असं तुझ्या आईला वाटतं. तिचं ते समाधान राहू दे.

तू पियानो रीतसर शिकलीस. मला पत्रातून शिकव. दवाखान्यातून तेवढी सवड मिळते ना? लोकांचे दात जागेवर आहेत ना?

तुझा निरक्षर
मामा


२१ जून

प्रिय मामा,

हसून झालेलं नाही, पण तसंच लिहायला घेतलंय. लहानपणी तू मला 'कागदाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ' म्हणायचास, ते का, हे आज कळलं.

पहिला धडा. पाच रेघा म्हणजे पाच दोऱ्या. सूर एक तर दोरीवर बसतो, नाही तर दोन दोऱ्यांच्या मध्ये अडकतो. पोकळ गोळा म्हणजे मुक्कामाला आलेला पाहुणा. भरीव गोळा चहा घेऊन जातो. शेपटीवाला दारातूनच परततो. आणि रेघेवर ठेवलेल्या टोपीसारखी खूण दिसली की गप्प बसायचं. मोजून गप्प बसायचं. हे तुला सगळ्यांत जड जाणार.

सोबत काही ओळी लिहून पाठवते. रोज एक. वाजवायच्या आधी तोंडाने म्हणायची आणि बोटांना सांगायचं, मी म्हणेपर्यंत हलू नका.

फी म्हणून मला एक सांग. माझी एक मैत्रीण आहे, पियानो वाजवते. गाणारी बाई मध्येच मनाला येईल तशी पट्टी बदलते आणि हिचे हात गोठतात, कारण कागदावर तसं नसतं. तिनं काय करावं?

दवाखाना ठीक. आत्ताच दुसरा सेट संपवून बसलेय, बोटं दुखतायत, म्हणून अक्षर असं. खोली बदललीय, पाकिटावरचा नवा पत्ता लिहून ठेव. आईला माझं पत्र आल्याचं बोलू नकोस. तिला लिहायचं राहिलंय, उगाच रुसेल.

चिमटी


४ जुलै

प्रिय चिमटी,

दुसऱ्या सेटबद्दल अभिनंदन. कवळी बसवणं म्हणजे नाजूक काम, वरची-खालची जुळली नाही तर माणूस जन्मभर डॉक्टरच्या नावाने टाळ्या वाजवतो. एका दिवसात दोन कवळ्या म्हणजे तुमच्याकडे म्हातारे फार दिसतात.

तुझ्या पाहुण्यांशी झुंजतोय. शेपटीवाले दिसले की माझी बोटं त्यांच्याआधीच दारात पोचतात. टोपी तर मला दिसतच नाही. जिथे टोपी असते तिथे मी काहीतरी सुंदर वाजवून ठेवतो.

वर्गाचं सांगतो. मुलं वीस-बावीस, गिटारी सहा, त्यातल्या दोन आजारी. बाईंनी एक पुस्तक दिलं होतं, ते मी आदराने कपाटात ठेवलं. मग एक खेळ काढला. एकाने गिटारवर प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने गिटारवरच उत्तर द्यायचं. शब्द नाहीत. अट एकच, समोरच्याचं पुरतं ऐकल्याशिवाय उत्तर नाही. एका मुलीनं तीन सुरांत विचारलं, बाथरूमला जाऊ का? अख्ख्या वर्गाला कळलं. मी 'नाही' वाजवलं. त्यावर ती जे वाजवून गेली ते मी इथे लिहू शकत नाही, आणि मला लिहिता येत नाही हे त्याचं कारण नव्हे.

पुढच्या आठवड्यात पालक आले. पोरं घरी उलट उत्तरं देतात, तीही सुरात. बाईंनी मला बोलावलं. "तुम्ही संगीत शिकवताय की आगाऊपणा?"

"बाई, जॅझमध्ये दोन्हींचा तास एकच असतो."

त्यांनी ओठ दाबून धरले. मग म्हणाल्या, "परीक्षा सप्टेंबरात आहे. तोपर्यंत मी पालकांना थोपवते. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

तुझ्या मैत्रिणीला सांग, गाणाऱ्या माणसानं पट्टी बदलायचं ठरवलं की ते आधी त्याच्या खांद्यांना कळतं. वर जायचं असेल तर खांदे उचलतात, श्वास मोठा होतो. कागदावर खांदे काढलेले नसतात. म्हणून कागद कमी, खांदे जास्त.

मामा


१९ सप्टेंबर

तुणतुण्या,

बाबांनी ठेवलेलं हे नाव मी रागावले की वापरते, हे तुला माहीत आहे.

मी परवा मुलीच्या दवाखान्यात फोन केला. तिथले डॉक्टर म्हणाले, "त्या मार्चमध्येच सोडून गेल्या, आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल." मार्चपासून मी शेजारणींना तिच्या नावावर दातांचे सल्ले देतेय. एकीनं तर माझ्या सांगण्यावरून दाढ राखून ठेवली.

ती तुला लिहिते. कसं कळलं, तर जूनपासून तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींत 'चिमटीची काहीच खबर नाही' असं तू आपणहून लिहिलंस. मी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं गणित शिकवलंय मी. न विचारता आलेलं उत्तर शेजारच्याच्या वहीतलं असतं.

कुठे आहे ती? आणि ती तुझ्या वाटेनं गेली असेल, तर ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ताई


२५ सप्टेंबर

प्रिय चिमटी,

म्हणजे कवळी नव्हती तर.

तुझ्या आईचं पत्र हातात घेऊन बसलो आणि 'दुसरा सेट' आठवला. आम्ही वाजवणारे रात्री तासभर वाजवतो, थोडं थांबतो, पुन्हा वाजवतो, त्या एकेका तासाला सेट म्हणतात. मी जन्मभर सेट वाजवले आणि तुझ्या पत्रात मला दात दिसले. मैत्रीण म्हणे. पियानो मैत्रीण वाजवते आणि बोटं तुझी दुखतात होय?

रागावलेलो नाही. पण तू हे माझ्याकडे बघून केलं असशील, तर माझ्याकडे नीट बघ.

पहिली दहा वर्षं लोक विचारतात, 'वाजवता ते ठीक, पण काम काय करता?' पुढची दहा वर्षं कुणी विचारत नाही, आणि ते जास्त लागतं. लोक तुझ्याकडे पाठ करून जेवतील. तू जीव ओतून काहीतरी वाजवशील आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मीठ मागेल. शेवटी मालकाला तुझ्यापेक्षा पळायचं यंत्र बरं वाटेल, आणि पन्नाशी उलटल्यावर तू नऊ वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसून परीक्षेला बोलावण्याची वाट बघशील. माझ्या शेजारच्या मुलानं मला विचारलं, "आजोबा, तुमचा नातू आत गेलाय का?" मी म्हटलं, हो, आणि तो फार घाबरलाय.

हे सगळं असं आहे. आणि तरीही महिन्यातून एखाद्या वेळी चौघे वाजवणारे अशा ठिकाणी पोचतात, जिथे जायचं त्यांच्यातल्या कुणीच ठरवलेलं नव्हतं. बाकीचा महिना माणूस त्याच्यावर काढतो. तुला ते लागलंय का ते तपास. नसेल लागलं तर परत फीर, दात कुठे पळून जात नाहीत. लागलं असेल, तर मी काही बोलणं म्हणजे दारुड्यानं दारूबंदीवर भाषण देणं.

आईला मात्र तू लिही. मी तिला पत्ता दिलेला नाही, पण मी कसला मोठा वीर आहे हे तुला माहीत आहे.

परीक्षा झाली. निकाल यायचाय.

मामा


३ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मैत्रीण मीच. हॉटेलही तसलंच, तुझ्यासारखं. चौघे आहोत. पियानो मी, ट्रम्पेटवाला, ढोलवाला आणि गाणारी बाई.

दातांचा मला कंटाळा नव्हता रे. हात चांगला होता माझा, डॉक्टर स्वतः म्हणायचे. पण दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसाशी आपण एकटंच बोलायचं, आणि तो 'आ' करणार. मला उत्तर देणारं कुणीतरी हवं होतं.

खांद्यांचं खरं निघालं. शनिवारी तिनं खांदे उचलले आणि मी तिच्याआधी वरच्या पट्टीत जाऊन बसले. तिनं वळून बघितलं, असं की जणू मी तिच्या पर्समध्ये हात घातलाय. मग हसली. त्यानंतर जे झालं तेच बहुतेक तू म्हणतोस ते. लागलंय, मामा.

आईला लिहायला बसते आणि 'प्रिय आई'च्या पुढे जात नाही. मला वाटतं ती रागावली तर मी निभावीन. पण ती 'बरं' म्हणून गप्प बसली तर काय करायचं?

आणि निकाल यायचाय म्हणजे? मंडळ त्याच संध्याकाळी निकाल भिंतीवर लावतं. मी त्यांच्या सगळ्या परीक्षा दिल्यात.

चिमटी


१४ ऑक्टोबर

प्रिय चिमटी,

नापास.

परीक्षकांनी शेरा दिला, 'वादन जिवंत आहे, परंतु समोरच्या कागदाशी त्याचा संबंध आढळला नाही.' बरोबर आहे त्यांचं. तिसऱ्या ओळीपर्यंत तुझी मोजणी धरून होतो, मग एक टोपी आली आणि मला तिची दया आली. बाईंनी डिसेंबरात शेवटची संधी दिलीय. मुलांना सांगावं लागलं. बाथरूमवाल्या मुलीनं गिटार उचलली आणि फार हळू काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कारण मला प्रश्न कळला होता.

आता दुसरी बातमी, जरा बसून वाच. तुझी आई न कळवता माझ्या दारात उभी राहिली. हातात बॅग. मी सगळी तयारी करून ठेवली होती, काय विचारेल, काय सांगायचं, काय लपवायचं. ती म्हणाली, "चहा टाक." आणि चिमटे, दूध उतू जायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. हॉटेल, चौघे, खांदे, शिवाय माझं नापास होणं आणि शिलाई मशीनचं माहितीपत्रकसुद्धा, जे तिनं विचारलंही नसतं.

तुझ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. कप खाली ठेवून मला म्हणाली, "म्हणजे तुला मोजता येत नाही."

"वाचता येत नाही, ताई."

"एकच आहे ते. पट्टी आण."

"कुठली? काळी एक की पांढरी चार?"

"लाकडाची."

तेव्हापासून रोज शाळा सुटली की मी टेबलाशी आणि ती समोर पट्टी घेऊन. सुरांतलं तिला ओ की ठो कळत नाही, पण टोपी आली की पट्टी माझ्या बोटांवर येऊन बसते. मारत नाही, नुसती ठेवते. गप्प बसणं म्हणजे काय हे मला आत्ता समजायला लागलंय. त्या रिकाम्या जागेत आधीचा सूर ऐकू येतो. इतकी वर्षं मी स्वतःच त्याच्यावर बोलत होतो.

काल ती दोन दिवसांसाठी कुठेतरी गेली. कुठे ते सांगितलं नाही, चांगली साडी घेऊन गेली. पाठ ताठ ठेवून वाजव.

मामा


१५ ऑक्टोबर

तुणतुण्या,

उद्या परत येतेच आहे, पण समोर सांगायला लागले तर तू मध्ये बोलशील. म्हणून हे लिहून टपालात टाकतेय.

मी चिमटीच्या हॉटेलात खांबाआडचं टेबल घेतलं. सूप मागवलं. तिला काय बोलायचं ते मी येताना पाठ करून आले होते, सुरुवात 'तुझ्या शिक्षणासाठी' अशी होती. ती आली, बसली. मला तिची पाठ तेवढी दिसत होती, बाकी खांब होता. मग वाजवायला लागली.

मला त्यातलं कळत नाही हे तुला माहीत आहे. पण शेजारच्या टेबलावर चार जण होते, मोठमोठ्यानं बोलत होते, एक तर चमच्यानं ग्लास वाजवत होता. आधी मी खाकरले. मग वळून म्हटलं, "बोलायचं असेल तर वर्गाबाहेर जा." एकानं विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "ती वाजवतेय ना, तिची आई."

हे मी मोठ्यानं म्हटलं असावं, कारण पियानो एक क्षण थांबला. मला वाटलं, झालं, हिचे हात गोठले. पण ती गाणारी बाई थांबली नाही आणि मग हीही आली तिच्या मागोमाग.

नंतर स्वयंपाकघराच्या बोळात भेटलो. पाठ केलेलं एक अक्षर आठवलं नाही. नुसतं म्हटलं, "वाकून बसतेस." आमच्यातलं कोण रडलं याबद्दल ती तुला काही सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस.

राग गेलेला नाही. मार्चपासून माझ्याशी खोटं बोलली, ते मी तिला विसरू देणार नाही. पण त्या चौघांना गप्प केल्याचा मला आनंद झाला, तेवढं खरं.

रोजच्या ओळी सोडू नकोस.

ताई


१४ डिसेंबर

प्रिय चिमटी,

पास. तिसरा वर्ग, पण पास.

परीक्षक तेच होते. मी फक्त कागदावरचं वाजवलं, सगळ्या टोप्या पाळल्या, कुणाची दया केली नाही. घामाघूम झालो. शेरा आहे, 'वाचन अचूक. वादन थोडे निर्जीव.' मी तो फ्रेम करणार होतो, ताई म्हणाली, फाजीलपणा पुरे.

ती बाहेर बाकावर इतर मुलांच्या आयांबरोबर बसली होती. एकीनं विचारलं, "तुमचा कितवीत?" ताई म्हणाली, "पहिलीत. उशिराच घातला."

नोकरी पक्की झाली. बाईंनी कपाटातलं पुस्तक काढायला लावलं, तेव्हा एक दिवस पुस्तक आणि एक दिवस आगाऊपणा, असं ठरलंय. पोरांना गंमत वाटते की सर त्यांच्याबरोबर बोट ठेवून वाचतात. ताई अजून इथेच आहे. कधी जाणार विचारलं तर म्हणते, दुसरी परीक्षा कोण देणार, मी?

मामा


२ जानेवारी

प्रिय मामा,

आम्हाला चौघांना जहाजावर बोलावलंय. आठ महिने. मी हो म्हटलंय. आईला तू सांग, कृपा करून. बोळातल्या त्या रात्रीनंतर आत्ता कुठे ती माझ्याशी नीट बोलायला लागलीय. हॉटेल परवडलं, निदान सूप प्यायला येता येतं. समुद्रात कशी येणार ती?

चिमटी


९ जानेवारी

प्रिय चिमटी,

सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत, पण निवडलेली आणि न निवडलेली एकत्र व्हायला लागली. मग उठून आत गेली. मी दाराशी उभा राहून सर्कस आणि जहाज यांतला फरक वगैरे काहीतरी बरळत होतो.

बाहेर आली ती एवढंच विचारायला, "जहाजावर दातांचा डॉक्टर असतो का?"

मी म्हटलं, माझ्या वेळी तरी नव्हता. दाढ दुखली की स्वयंपाकी लवंग द्यायचा.

"मग तिची कॉलेजातली हत्यारं माझ्याकडे आहेत, ती पाठवते. नुसतं वाजवून घरी येऊ नको म्हणावं. आणि मला लिही म्हणावं. तुला नाही, मला."

पार्सल वेगळं येतंय. जड आहे.

मामा


२७ फेब्रुवारी

प्रिय आई,

या दोन शब्दांच्या पुढे आज पहिल्यांदाच आलेय.

मागच्या आठवड्यात ट्रम्पेटवाल्याची दाढ सुजली. त्याच्या तोंडाचं काम असं की दाढ म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. रात्री कार्यक्रम, आणि याला पाणी पिववेना. जहाजावरच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, पुढच्या बंदरात बघू. बंदर पाच दिवस लांब. मग मी तुझं पार्सल उघडलं. बाईंच्याच खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर, त्यांना शेजारी उभं करून दाढ उघडली, आतला पू काढला, सगळं रीतसर केलं. जहाज डुलत होतं. हात डुलला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे हात कुठे शिकले? मी कॉलेजचं नाव सांगितलं. फी कुणी भरली तेही सांगितलं.

तो दोन दिवस गप्प होता. त्याच्या वाटच्या जागा मी रिकाम्या ठेवल्या, भरल्या नाहीत. तिसऱ्या रात्री त्यानं हळूच एक सूर धरला, आणि सगळं जेवणघर चमचे खाली ठेवून बघायला लागलं. तुला कुणालाही दटावावं लागलं नसतं.

आता खलाशी रांग लावतात. सकाळी दात, रात्री पियानो. बोटं दुखतात. गाणाऱ्या बाईनं काल विचारलं, तू नक्की कोण, डॉक्टर की पियानोवाली? मी म्हटलं, आईला विचारून कळवते.

तुझी
चिमटी